रशियन कवितेतले कवीचे मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी एका सभासद बाईने विषय घेऊन बोलायचे, अशी आपली पद्धत आहे. मागे कुणी लोणच्यांवर बोलल्या, कुणी काशीयात्रेवर बोलल्या. यंदा माझे नाव निघाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. रशियन मला येत नाही आणि इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतेच. त्यामुळे मी विषय कळवला तेव्हा चिटणीसताईंनी दोनदा विचारले, “रशियनच ना?” होय, रशियनच. लहानपणी आमच्या घरी मॉस्कोहून मराठीत छापून आलेली गोष्टींची पुस्तके होती. त्या गुळगुळीत कागदाचा वास अजून आठवतो. त्या देशाची ओढ तेव्हापासूनची. पुढे वाचनालयातून मिळेल ते आणले, आणि आता थोरली मुलगी कॉलेजात शिकते तिच्याकडून ऐकते. ती इंग्रजीतून वाचते, मी पोळ्या लाटता लाटता अर्थ विचारते. कवितेचा नाद असा ऐकून कळत नाही हे खरे. पण माणसाचे मन कळते, आणि मला बोलायचे आहे ते मनाविषयीच.

हाच विषय का, तेही सांगते. कोजागिरीला आपण गच्चीवर जमलो होतो, तेव्हा कवितांचा विषय निघाला होता. एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “कविता म्हणजे काय हो, स्वतःचेच रडगाणे. मी अशी नि मी तशी. संसार करणाऱ्या बाईला एवढे ‘मी मी’ शोभत नाही.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ते वाक्य मनातून जाईना. कारण आपण बायका ‘मी’ म्हणतो तरी कधी? कुणी विचारले, “कशा आहात?” तर आपण सांगतो, यांचे गुडघे दुखताहेत, धाकट्याची परीक्षा आहे, सासूबाईंचे पथ्य चालू आहे. विचारणारीलाही त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही! तेव्हा ‘मी’ म्हणणे हा नुसता अहंकार असतो की त्यात आणखी काही असते, हे मला पाहायचे होते. आणि त्याचे उत्तर मला रशियन कवींच्या चरित्रांत सापडले.

सुरुवात पुश्किनपासून करू या. रशियात त्याला आद्यकवीचा मान आहे. जन्म १७९९ सालचा, मोठ्या घराण्यातला. घरात सगळे फ्रेंच बोलायचे. पण त्याला सांभाळणारी दाई होती, अरीना रोदिओनोव्ना नावाची, गुलामासारख्या राबणाऱ्या कुळांतली, लिहिता-वाचता न येणारी. सरकारची गैरमर्जी झाली आणि १८२४ साली पुश्किनला मिखाइलोव्स्कोये या खेड्यातल्या घरी नजरकैदेत राहावे लागले. तिथे सोबतीला हीच म्हातारी. संध्याकाळी तो तिच्याकडून गोष्टी ऐके, आणि आपल्या शिक्षणातले उणे आता भरून निघते आहे, असे त्याने भावाला पत्रात कळवले. बाहेर बर्फाचे वादळ आणि आत म्हातारीची चाती, एवढ्यावर त्याने एक कविता लिहिली. थोरामोठ्यांत वावरलेला हा माणूस, पण आतून कुठे बसला होता, तर दाईजवळ. कवीचे अंतरंग म्हणतात ते असे कधी कधी अगदी साध्या जागी सापडते.

त्याच्या मागोमाग आला लेर्मोन्तोव्ह. हा अवघा सव्वीस वर्षे जगला. १८१४ ला जन्म, १८४१ ला द्वंद्वयुद्धात मृत्यू. त्याची आई वारली तेव्हा तो अडीच वर्षांचाही झाला नव्हता. आजीने वाढवला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याने वहीत एक टिपण केले आहे, की अगदी लहानपणी एक गाणे ऐकले की मला रडू येई, ते मला आता आठवत नाही, ते माझी आई म्हणत असे. भगिनींनो, गाणे गेले, आईचा चेहराही बहुधा गेला, रडू तेवढे राहिले. आणि याच मुलाने १८३८ साली एक अंगाई लिहिली. कोसॅक शिपायाची बायको बाळाला जोजवते आहे. तू मोठा होशील, घोड्यावर बसशील, लढाईला जाशील आणि मी इथे रात्री जागत राहीन, असा तिचा भाव. ती कविता रशियात घरोघर अंगाई म्हणून म्हटली गेली. त्यात कवीचा ‘मी’ कुठेच नाही, बोलते आहे ती आई. पण आईवाचून वाढलेल्या मुलाचे मन त्यात नसेल तर कुठे असेल? पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी लाटणे बाजूला ठेवले होते.

आता तिसरा, त्युत्चेव. हा वकिलातीतला अधिकारी, पुष्कळ वर्षे जर्मनीत म्युनिकला होता. कविता चिठोऱ्यांवर लिहायचा आणि चिठोरी इकडे तिकडे टाकायचा. बायको-मुलींनी जपली म्हणून पुष्कळ राहिले. त्याने १८३० च्या सुमारास गप्प राहण्याविषयी एक कविता लिहिली. तिचा आशय असा, की मनातले मनातच ठेवावे. ते बोलून दाखवायला गेले की खोटे होते, आणि दुसऱ्याला ते कधी पुरते कळत नाही. मोठे मोठे विद्वान या कवितेला मानतात. मी अडाणी बाई, तरी सांगते, मला ती निम्मीच पटली. बोलून दाखवताना मनातले निसटते हे अगदी खरे. माहेरी फोनवर बोलून झाल्यावर आपल्याला वाटतेच ना, की सांगायचे होते ते राहूनच गेले? पण गप्प बसायला आपल्याला त्युत्चेवने कशाला शिकवायला हवे? ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या येते. आणि गंमत म्हणजे, गप्प राहा हे सांगायला त्यालाही बोलावेच लागले.

हे तिघेही पुरुष. आता मी ज्यांच्यासाठी हा विषय घेतला, त्या बाईंकडे येते. त्यांचे नाव आन्ना आख्मातोवा. जन्म १८८९, ओदेसा शहराजवळ. मूळचे आडनाव गोरेन्को. मुलगी कविता करते हे कळल्यावर वडील म्हणाले, माझ्या नावाला कमीपणा आणू नकोस. मुलीने आईच्या माहेरकडच्या एका पणजीचे नाव घेतले आणि आयुष्यभर तेच लावले. पहिले पुस्तक १९१२ साली निघाले, दुसरे १९१४ साली, आणि बाई प्रसिद्ध झाल्या. कविता छोट्या छोट्या, प्रेमाच्या आणि ताटातुटीच्या. त्यात रडणे-ओरडणे नाही. एका कवितेतली बाई माणसाचा निरोप घेऊन घराबाहेर पडते, आणि गडबडीत हातमोजा भलत्याच हातात चढवते. बस, एवढेच. कपाळ बडवले नाही, शिव्याशाप दिले नाहीत, पण ज्या बाईने दाराबाहेर येऊन चप्पल उलटी घातली असेल तिला सगळे समजते.

पण लोकांनी लगेच काय म्हणायला सुरुवात केली? तेच, कोजागिरीचे. बाई स्वतःपुरते लिहितात. देशात १९१७ साली क्रांती झाली, नवे जग उभे राहते आहे, आणि या आपल्या खोलीचे नि आपल्या दुःखाचे गातात. १९२५ नंतर कितीतरी वर्षे त्यांच्या कवितांचे नवे पुस्तक निघू दिले गेले नाही. त्याआधी १९२१ साली त्यांचे पहिले पती, कवी गुमिल्योव्ह, यांना कटाचा आरोप ठेवून गोळ्या घातल्या होत्या. घटस्फोट झालेला होता, तरी मुलाचा बाप तो. मुलाचे नाव ल्येव. बापाचे नाव त्याच्या डोक्यावर टांगतेच राहिले.

पुढे स्तालिनचा काळ आला. १९३५ साली मुलाला पकडले आणि सोडले. १९३८ साली पुन्हा पकडले, तेव्हा सोडले नाही. लेनिनग्राड शहरात, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, नेवा नदीच्या काठी क्रेस्ती नावाचा तुरुंग. ‘क्रेस्ती’ म्हणजे क्रूस, इमारतीचा आकारच तसा. त्या तुरुंगाच्या भिंतीबाहेर बायकांच्या रांगा लागत. आया, बायका, बहिणी. हातात कपड्याचे नाही तर पैशाचे पुडके. आत एक खिडकी. खिडकीतून पुडके घेतले तर आपले माणूस अजून तिथे आहे असे समजायचे. परत केले तर काय समजायचे ते ज्याने त्याने समजावे. कुणी काही सांगत नसे. अशा रांगांत आख्मातोवाबाईंनी सतरा महिने काढले.

आपल्यालाही रांगा ठाऊक आहेत. रेशनच्या, रॉकेलच्या, सरकारी दवाखान्याच्या. पण आपल्या रांगेत बोलणे चालते, भांडणे होतात, एखादी मैत्रीणही मिळते. तिथे सगळ्या कुजबुजत. त्या थंडीत एक दिवस मागे उभ्या असलेल्या एका बाईला कळले, की ही पुढची बाई कविता लिहिते. त्या बाईने आख्मातोवांचे नावही कधी ऐकलेले नव्हते. ओठ थंडीने निळे पडलेले. तिने हळूच कानाशी विचारले, हे सगळे तुम्हाला लिहिता येईल का? बाई म्हणाल्या, येईल. हे आख्मातोवांनीच पुढे १९५७ साली लिहून ठेवले आहे.

मला या प्रसंगात काय दिसते ते सांगते. त्या मागच्या बाईने, माझ्या मुलाविषयी लिहा, असे म्हटले नाही. हे लिहाल का, एवढेच विचारले. आणि तिने विचारले कुणाला? जिने आयुष्यभर स्वतःच्याच मनाचे लिहिले, जिला तेवढ्यासाठीच नावे ठेवली गेली, तिला. मला वाटते, ज्या बाईने आपल्या उलट्या घातलेल्या हातमोज्याकडे नीट पाहिले होते, तिलाच शेजारणीचे निळे ओठ दिसले. स्वतःचे मन न्याहाळायची जिला सवय नाही तिला दुसरीचे तरी कसे दिसावे?

या कवितांचे नाव ‘रेक्वियेम’, म्हणजे मेलेल्यांसाठी करायची प्रार्थना. बहुतेक कविता १९३५ ते १९४० या काळातल्या. त्यात कधी ‘मी’ म्हणणारी आई बोलते आणि कधी तोच ‘मी’ सगळ्या रांगेचा होतो. कुठे बदलला ते वाचताना कळतच नाही.

पण लिहून ठेवायची सोय नव्हती. कागद सापडला असता तर मुलाचे आणि त्यांचे काय झाले असते ते सांगायला नको. मग बाईंनी काय केले? त्यांच्या एक मैत्रीण होत्या, लिडिया चुकोव्स्काया. या स्वतः लेखिका. त्यांचे पती शास्त्रज्ञ, त्यांनाही नेले होते. दहा वर्षांची शिक्षा झाली आहे, पत्र लिहिता येणार नाही, असे लिडियाबाईंना सांगण्यात आले; खरे तर १९३८ सालीच त्यांना गोळी घातली होती. या लिडियाबाई घरी आल्या, की आख्मातोवाबाई मोठ्याने चहापाण्याच्या आणि हवापाण्याच्या गप्पा करीत, कारण भिंतींना कान असतील ही भीती. बोलता बोलता एका चिठोऱ्यावर भराभर कविता लिहीत आणि पुढे करीत. लिडियाबाई मनात वाचत, पाठ करीत, कागद परत देत. मग काडी ओढायची आणि रक्षापात्रात कागद जाळून टाकायचा. असे एकदा नव्हे, कितीदा तरी.

जवळच्या काही जणांना मिळून सगळी कविता तोंडपाठ होती, आणि त्यांपैकी एकानेही दगा दिला नाही. १९६२ साली ती प्रथम टंकून कागदावर आली. म्हणजे वीस-बावीस वर्षे ती कविता कुठे होती, तर माणसांच्या डोक्यात. १९६३ साली म्युनिकला छापली गेली, तीही बाईंना न विचारता. त्यांच्या स्वतःच्या देशात छापली गेली १९८७ साली. तोवर बाईंना जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

अशीच दुसरी बाई नादेझ्दा मांडेलश्ताम. पती ओसिप मांडेलश्ताम हे मोठे कवी. त्यांनी १९३३ साली स्तालिनवर एक कविता केली, ओळखीच्या थोड्या लोकांना म्हणून दाखवली, आणि १९३४ साली पकडले गेले. १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत वारले. त्यांची पद्धत अशी, की चालता चालता ओठांशी पुटपुटत कविता जुळवायची आणि मग बायकोने लिहून घ्यायची. पती गेल्यावर या बाईने हस्तलिखिते उशीत लपवली, पातेल्यांत लपवली. स्वयंपाकघरात लपवायच्या जागा बाईला जितक्या माहीत, तितक्या कुठल्या पोलिसाला असणार! पण कागदाचा भरवसा नाही म्हणून कविता पाठही केल्या. सुताच्या गिरणीत रात्रपाळीला लागल्या तेव्हा यंत्रांमधून फिरताना नवऱ्याच्या कविता पुटपुटत असत, विसरू नयेत म्हणून. हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहिले आहे.

आपल्याला हे काही परके वाटायला नको. जात्यावरच्या ओव्या कुणी वहीत लिहिल्या होत्या? सासुरवाशिणीने मनातले जात्याला सांगितले आणि दुसरीने ते पाठ केले. आपल्या बहिणाबाई चौधरींना तर लिहिता येत नव्हते. त्यांच्या तोंडचे घरच्यांनी उतरून घेतले म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षाने, पुस्तक निघाले. फरक एवढाच, की आपल्याकडे जाळण्याची पाळी नव्हती.

मरीना त्स्वेतायेवा यांच्याविषयी खरे तर वेगळे भाषण करायला हवे. थोडेच सांगते. क्रांतीनंतरच्या दुष्काळात त्यांनी धाकट्या मुलीला, निदान पोटाला मिळेल म्हणून, अनाथालयात ठेवले. ती तिथेच १९२० साली उपासमारीने गेली. पुढे सतरा वर्षे परदेशात काढली, गरिबीत. तिथे १९३३ साली त्यांनी आपल्या लिहिण्याच्या मेजावर कविता केल्या. सखा असावा तसे त्या मेजाशी बोलल्या आहेत. हे ऐकून मी आपल्या घरात नजर फिरवली. देव्हारा आहे, मिस्टरांचे कपाट आहे, मुलांची टेबले आहेत. माझी म्हणावी अशी जागा ओट्याशी. असो. मरीनाबाई १९३९ साली परत आल्या आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये येलाबुगा या गावी त्यांनी स्वतःला संपवले.

आता एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती गाळली असती तर भाषण गोड झाले असते, पण खरे झाले नसते. १९४६ साली सरकारी पुढाऱ्याने आख्मातोवाबाईंवर जाहीर टीका केली, इथे उच्चारू नयेत अशा शब्दांत, आणि लेखक संघातून त्यांना काढून टाकले. १९४९ साली मुलाला पुन्हा पकडले. तेव्हा १९५० साली या बाईंनी स्तालिनची स्तुती करणाऱ्या कविता लिहिल्या आणि त्या मासिकात छापल्या. मुलगा सुटावा म्हणून. तो सुटला नाहीच. स्तालिन मेल्यावर १९५६ साली सुटला.

काही लोक या कवितांवरून त्यांना दोष देतात. माझ्याने तो देववत नाही. मुलासाठी आई कुणाच्या पाया पडणार नाही? पण मुलगी सांगत होती, की जाणत्या लोकांच्या मते त्या कवितांत आख्मातोवा कुठे सापडतच नाहीत. कुणीही लिहाव्या तशा त्या आहेत. त्यांत देश आहे, शांतता आहे, पुढारी आहे, सगळ्यांचे सगळे आहे. फक्त ‘मी’ नाही. आणि ज्या कवितेला स्वतःपुरती म्हणून हिणवले ती मात्र रांगेतल्या प्रत्येक बाईची झाली. त्या कोजागिरीच्या वाक्याला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे, आणि ते त्या बाईंनी रागावू नये म्हणून अगदी हात जोडून देते.

मुलाचे आणि आईचे पुढे पटले नाही. आईने माझ्यासाठी पुरेशी धडपड केली नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते. शेवटच्या वर्षांत दोघे दुरावलेलेच होते. इतके केल्यावर हे! पण तेरा-चौदा वर्षे छावण्यांत घालवलेल्या माणसाचा न्याय आपण इथे पंख्याखाली बसून कसा करावा?

आख्मातोवाबाई ५ मार्च १९६६ रोजी वारल्या. ‘रेक्वियेम’च्या शेवटी त्यांनी आपल्या स्मारकाविषयी लिहून ठेवले होते. कधी कुणाला माझा पुतळा उभारावासा वाटलाच, तर जिथे जन्मले त्या समुद्राकाठी नको, राजाच्या बागेतही नको. जिथे मी तासन्‌तास उभी राहिले आणि माझ्यासाठी दार उघडले नाही, त्या तुरुंगासमोर असू द्या, अशा अर्थाचे. रांगेतल्या सगळ्या जणींची नावे घ्यायची त्यांची इच्छा होती, पण नावांची यादी मिळण्याची सोय नव्हती.

तो पुतळा २००६ साली उभा राहिला. नेवा नदीच्या एका काठाला तो जुना तुरुंग, आणि समोरच्या काठाला ब्राँझच्या आख्मातोवाबाई, उंच, सडपातळ, उभ्याच. मुलीने मला त्याचे चित्र दाखवले. मान मागे वळवलेली आहे, तुरुंगाच्या बाजूला.